भुजंगरावांची चौथी चौकट

रजनीबाई मुळावकरांनी उभ्या आयुष्यात मनापासून राग धरला तो दोन माणसांचा. पहिला म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, अनंतरावांना, तरुणपणी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची चटक लावणारा ऑफिसातला एक सोबती. तो केव्हाच वारला आणि अनंतरावांचा खर्राही निवृत्तीच्या आसपास सुटला, म्हणून त्याला माफी मिळाली होती. दुसरा माणूस भुजंगराव. हा कागदावरचा होता, रोज सकाळी पेपरातून घरात यायचा, आणि त्याला माफी मिळण्याचं काही चिन्ह नव्हतं.

कळंबला पेपर उजाडता उजाडता येतो. नासिर तो घरोघर टाकतो आणि मग बसस्टँडजवळचं आपलं गॅरेज उघडतो. आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, चार-चार चौकटींच्या दोन चित्रमालिका असायच्या. वरची ‘गंगी’. गंगी म्हणजे बकरी घेऊन हिंडणारी फटकळ तोंडाची पोरगी. पहिल्या चौकटीत तिला कोणी ना कोणी दरडावायचं आणि चौथ्या चौकटीत तो दरडावणारा चिखलात बसलेला असायचा. गंगीवर रजनीबाईंचा फार जीव. खालची ‘भुजंगराव आणि बाई’. भुजंगराव निवृत्त, टकले, आळशी; बाई आडव्या अंगाची. पहिल्या तीन चौकटींत काहीही होवो, चौथी ठरलेली होती. बाई लाटणं उगारून ओरडते आहे आणि भुजंगराव पेपरामागं लपलेत, वर नुसतं टक्कल.

रजनीबाईंनी नोकरीची सगळी वर्षं कळंब-यवतमाळ एसटीनं जाऊन-येऊन काढली, घर चालवलं, मुलाला, साकेतला, शिकवून हैदराबादला धाडलं, आणि लाटणं हातात धरलं ते फक्त पोळ्यांसाठी. त्या चित्रातल्या बाईला नाव का नाही, ती कधी पेपर का वाचत नाही, आणि चित्र काढणाऱ्याच्या घरी कोणी बाईमाणूस आहे की नाही, हे त्यांनी एकदा पोस्टकार्ड टाकून संपादकांना विचारलं होतं. उत्तर आलं नाही. पण म्हणून भुजंगराव चुकवायचे नाहीत. उलट आधी भुजंगराव आणि मग गंगी, ताटातलं कारलं आधी संपवावं तसं. रजनीबाई तोंड भरून चिडायच्या, अनंतराव मिशीत हसायचे, आणि त्या भरात चहा संपायचा.

मग बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी अक्षरं गेली, मग चित्रं, मग माणसांचे चेहरे. समोरचा माणूस घामट काचेच्या पलीकडं उभा असल्यासारखा दिसायचा. कोण आहे ते आवाजावरून कळायचं. यवतमाळच्या डॉक्टरांनी चैत्रातच सांगितलं, की आता थांबू नका. बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं, की डोळ्याचं काम थंडीत. त्यांच्या माहेरी, महागावला, सगळ्यांचे डोळे थंडीतच झाले होते. एका मावशीनं घाई करून डोळा वैशाखात केला, तो उन्हानं चिघळला आणि कायमचा गेला. ही मावशी त्या घरात अजून बोलण्यात निघते, आणि निघाली की सगळे गप्प होतात. आता मशीन आली, टाकासुद्धा पडत नाही, उन्हापावसाचा काही संबंध राहिला नाही, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं, अनंतरावांनी सांगून पाहिलं, साकेतनं फोनवर सांगून पाहिलं. बाई हटल्या नाहीत.

तेव्हापासून अनंतराव पेपर वाचून दाखवू लागले. सगळी हयात वीजबिलांच्या हिशेबात गेलेली. चित्रंही ते मीटरचं रीडिंग सांगावं तशी सांगायचे. पहिली चौकट, भुजंगराव बाजारात. दुसरी चौकट, पिशवीत वांगी. तिसरी चौकट, वांगी किडकी. चौथी चौकट, बाई ओरडून राह्यली, भुजंगराव पेपरामागं. बाईंना चित्रापेक्षा त्या सांगण्याचंच हसू यायचं, पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्या घरात काहीतरी शिरलं. बाईंना ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पहिल्यांदा ऐकू आलं ते घड्याळ. अनंतरावांच्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं, इतकी वर्षं मुकाट बसलेलं. एका सकाळी पान उलटताना ते खळकन् घसरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरलं. विचारलं तर म्हणाले, पट्ट्याची पिन सैल झाली, नासिरकडून बसवून घेतो. पिन काही बसली नाही. मग जेवणं बदलली. भाकरी मोडल्याचा आवाज यायचा, नंतरचा यायचा नाही; पाण्याचा पेला मात्र पुन्हा पुन्हा टेकायचा. जेवण झाल्यावर अनंतराव स्वतः ताट उचलून परसात जायचे, आणि कुंपणापलीकडची शेजाऱ्यांची गाय हंबरायची. बाई ओट्याशी हात धुता धुता ऐकत उभ्या राहायच्या. हे लक्षण त्यांना बरं वाटत नव्हतं. विचारलं की उत्तर तयार असायचं, या वयात रात्रीचं कमीच खावं.

एकदा नासिरच्या व्हॅनमधून अनंतराव दिवसभरासाठी यवतमाळला गेले. पेन्शनचं काहीतरी आहे म्हणाले. आले ते सरळ आंघोळीला गेले आणि खूप वेळ बाहेरच आले नाहीत. बादलीत पाणी पडत होतं आणि पडतच होतं. शेवटी बाईंनी दार वाजवलं तेव्हा नळ बंद झाला.

त्याच सुमाराला भुजंगरावही बिघडले. आधी त्यांची पँट कमरेला ढिली झाली, म्हणून त्यांनी ती सुतळीनं बांधली. मग ते बाईला गॅसचा नंबर फोनवर कसा लावायचा ते शिकवू लागले. मग मीटरची पेटी कुठं आहे आणि मेन स्विच कोणता, ते तिचा हात धरून. एके दिवशी कळलं, की भुजंगरावांच्या बाईलाही मोतीबिंदू आहे, आणि भुजंगराव तिच्यामागं लागलेत, की डोळे आताच करून घे. हे ऐकून रजनीबाई उखडल्या. चित्र काढणारा नक्की पुण्यामुंबईचा आहे, त्याला इकडच्या उन्हाची काय कल्पना, असं त्या म्हणाल्या. तो सगळ्या विदर्भाला शिकवायला निघाला आहे, आणि शिकवायचंच होतं तर आधी विनोद शिकायचा होता, हेही म्हणून घेतलं. 

“ती बाई काय म्हणते पण?” शेवटी रजनीबाईंनी विचारलं.

“थंडीत करीन म्हणते.”

“मग बरोबर म्हणते. पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली.”

घड्याळ खळकन् घसरलं. अनंतराव गंगीकडं वळले.

मोतीबिंदू काय, घरोघरी असतो. पँटही या वयात कोणाचीही ढिली होते. बाईंनी जुळवायचं ठरवलं असतं तर जुळलं असतं. त्यांनी ठरवलं नाही. पेपर पुढं सरकायचा, गंगीनं तलाठ्याला गोठ्यात कोंडलेलं असायचं, आणि बाई त्यावर जरा जास्तच मोठ्यानं हसायच्या.

भादव्यातल्या संकष्टीला दोघं चिंतामणीच्या दर्शनाला गेली. देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना बाईंनी अनंतरावांच्या दंडाला धरलं होतं. दरवेळी धरायच्या, पण या वेळी बोटं शर्टाच्या आत कुठं टेकतायत तेच कळेना. चढताना मध्यावर अनंतराव थांबले आणि पायरीवर बसले. त्यांचा श्वास ओल्या फळीवर करवत चालावी तसा येत होता. वरून उतरणारी माणसं बाजूनं जात होती. कोणी तरी थांबून, काकाले पाणी देऊ का, असं विचारलं. अनंतराव म्हणाले, मले काही नाही, इचे पाय दुखतात म्हणून बसलो. बाईंचे पाय दुखत नव्हते. त्यांनी तसं म्हटलं नाही. भर देवळात, इतक्या माणसांत, त्यांना भीती वाटली आणि ती घरी आल्यावरही गेली नाही.

त्या रात्री त्यांनी साकेतला फोन लावला आणि बाबांचं लक्षण मला ठीक वाटत नाही म्हणाल्या. साकेतनं बाबांनाच फोन द्यायला सांगितला. अनंतराव त्याच्याशी खणखणीत आवाजात पाऊसपाण्याचं बोलले, तूर कशी आहे तेही सांगितलं. आईची नजर गेल्यापासून तिला सगळीकडं वाईटच दिसतं, असं म्हणून साकेत हसला. बाईंना ते लागलं. फोन ठेवल्यावर अनंतराव भिंतीला धरून खोलीत गेले, हाताचा भिंतीवरून घासत गेलेला आवाज दारापर्यंत येत होता.

दसऱ्यानंतर भुजंगरावांची चौथी चौकटच बदलली. बाई ओरडेनाशी झाली. आधी रजनीबाईंना वाटलं, आपल्या पोस्टकार्डाचा परिणाम उशिरा का होईना झाला. पण मग एका सकाळी अनंतरावांनी तीन चौकटी सांगितल्या आणि ते थांबले.

“चौथी?”

“चौथीत काही नाही. नुसती खुर्ची.”

“अन् भुजंगराव?”

“नाहीत. खुर्चीवर पेपर ठेवला आहे.”

बाईंचा चहा हातात तसाच राहिला. या माणसाचं आता बंद करा, मले नाही ऐकाचं, असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं शिव्या दिल्या, पण वाचू नका असं कधी म्हटलं नव्हतं. अनंतरावांनी पेपरची घडी घातली. थोडे दिवस ऐकून घे, थंडी येऊनच राह्यली, इतकंच ते म्हणाले. त्यांचा आवाज आता वरवरचा, पातळ यायचा. मधूनमधून खाकरावं लागायचं.

थंडी आली. मार्गशीर्ष लागताच बाई स्वतःहून तयार झाल्या. भिण्यापेक्षा दिसलेलं बरं, असं त्यांना वाटू लागलं होतं. नासिरनं व्हॅन काढली. यवतमाळला उजवा डोळा झाला, फार तर पोळ्या होतील इतक्या वेळात. रात्री दवाखान्यातच ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि हळूहळू उघडा म्हणाले.

आधी भिंत दिसली, पिवळी. मग कॅलेंडर, मग नर्सच्या कपाळावरची टिकली, इतकी लाल की बाईंना रडूच आलं. खोलीत स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गालफडं बसलेली, मान शर्टाच्या कॉलरमधून काठीसारखी वर आलेली. दुसरा पेशंट असावा आणि आपल्या आधी त्याचा नंबर असावा, असं बाईंना वाटलं. त्या अनंतरावांना शोधू लागल्या. त्यांनी दाराकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, मग डॉक्टरांना विचारलं, की आमच्या घरचे कुठं गेले.

स्टुलावरच्या गृहस्थांनी हात वर केला. मनगटावरचं घड्याळ खळकन् कोपरापर्यंत घसरलं.

परतीच्या वाटेवर काळ्या चष्म्याआडून बाई शेजारच्या माणसाकडं बघत होत्या आणि तो माणूस बाहेर तुरीच्या शेतांकडं बघत होता. यंदा चातुर्मास जरा कडक पाळला, असं त्यानं एकदा सांगून पाहिलं. अनंतरावांनी जन्मात एकादशी केली नव्हती. पुढं नासिरनं आरसा उगाच हलवला आणि पुन्हा होता तसा केला.

दुसऱ्या दिवशी पेपर पडल्याचा आवाज आला तेव्हा बाई आधीच अंगणात होत्या. डोळ्याला ताण द्यायचा नाही, हे त्यांना बजावलेलं होतं. अक्षरं अजून फुगलेली दिसत होती, पण चित्रं कळत होती. आतलं पान उघडलं. राशिभविष्याखाली गंगी होती, बकरीसकट. गंगीच्या खाली शिकवणी वर्गाची जाहिरात होती, हसणाऱ्या पोरांच्या फोटोंची. बाईंनी पान उलटून पाहिलं, पेपर झटकून पाहिला. मग आत जाऊन कोपऱ्यातली रद्दी उपसली. काल जाहिरात, परवा जाहिरात, दिवाळीत जाहिरात, पोळ्याला जाहिरात. खाली खाली जाता पार तळाशी, उन्हाळ्याच्या पेपरात, एकदाचे भुजंगराव सापडले, टक्कल आणि लाटणं घेऊन. त्याखाली बारीक अक्षरं होती. ती त्यांना वाचता येईनात.

नासिर सायकलवर एक पाय टेकवून फाटकाशी अजून उभाच होता. बाईंनी तो पेपर त्याच्यापुढं धरला.

“ही मालिका उद्यापासून बंद होत आहे, असं लिवलं हाय, काकू,” तो म्हणाला. मग मान खाली घालून पुढचं सांगितलं. “काका म्हणे, काकूले सांगू नको. तिले चिडाले काही राह्यनार नाही म्हणे. मले वाटलं, मजाक हाय. मंग आषाढात मीच काकाले तपासनीले नेलं. तवापासून मी म्हनून राह्यलो, नागपूरले चला. काका आयकतच नाही.”

बाईंनी त्याला जायला सांगितलं. त्या अंगणातच थोडा वेळ उभ्या राहिल्या. पँट, सुतळी, गॅसचा नंबर, मेन स्विच, डोळे आताच करून घे, डोळे आताच करून घे. कोणी पुण्यामुंबईचा नव्हता. रोज सकाळी चहाच्या कपापलीकडून घरचाच माणूस बोलत होता, आणि त्यांनी त्याला विनोद शिकून यायला सांगितलं होतं.

अनंतराव ओसरीवर खुर्चीत होते. गुडघ्यावर शाल, हातात चहाची बशी, त्यातला चहा तसाच. बाई समोर बसल्या. रडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याला चालत नाही.

“भुजंगरावले गिळता येत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “तर त्यानं डॉक्टरले काहून नाही दाखवलं?”

अनंतरावांनी त्यांच्या हातातल्या पेपराकडं पाहिलं.

“दाखवलं न. आषाढातच दाखवलं.”

“काय म्हणाला डॉक्टर?”

“अन्ननलिकेत गाठ आहे म्हणाला. आताच्या आता नागपूरले जा, आता गेलात तर काही करता येईल म्हणाला.”

“मग?”

“मग काय. त्याच्या बायकोले दिसत नव्हतं. तिकडं दोन-दोन महिने पडून राह्यचं, तर इकडं तिले कोण पाह्यते? आधी तिचे डोळे होऊ दे, मग जातो, असं त्यानं ठरवलं. घरात एकाले तरी दिसाले पाहिजे.”

“अन् बायको?”

“तिले थंडी पाहिजे होती.”

त्यात दोष देणं नव्हतं. मीटरचं रीडिंग सांगावं तसं सांगितलं. तेच बाईंना सोसवेना. एक शब्द सरळ बोलला असता तर मी त्याच दिवशी डोळे करून घेतले असते, असं त्या म्हणाल्या. अनंतराव म्हणाले, नसते केले. डोळे राहिले बाजूला, मलेच घेऊन नागपूरले बसली असती, आंधळीची आंधळी. दोघांचंही खरं होतं. दोघं शिकलेली, दोघं नोकरी केलेली, दोघांनी जन्मभर दुसऱ्यांना चार गोष्टी समजावून सांगितलेल्या, आणि आषाढापासून मार्गशीर्षापर्यंतचे दिवस एकमेकांची काळजी करण्यात असे हातचे घालवले. या माणसांना काय म्हणावं?

साकेतला फोन गेला. या वेळी बाईंनी कोणाच्या हातात फोन दिला नाही. तो हैदराबादहून थेट नागपूरला येतो म्हणाला. उद्या-परवा बघू, असं या वेळी कोणी म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी नासिर पेपर टाकायला आला तो व्हॅन घेऊनच. डोळ्याच्या थेंबांची पिशवी, पातळ पेजेचा डबा, शाल, असं सगळं बाईंनी स्वतः बघून बघून भरलं. कुलूपही त्यांनीच लावलं आणि गाईच्या मालकाला सांगून आल्या.

देवळीच्या रस्त्याला लागल्यावर अनंतराव मागच्या सीटवर डोळे मिटून टेकले. श्वास तसाच करवतीसारखा चालला होता. गाडी हादरली की त्यांचा हात मांडीवरून घसरायचा, आणि बाई तो उचलून पुन्हा ठेवायच्या. काही वेळानं त्यांनी, पेपर आणला का, असं विचारलं. बाईंनी आणला होता. त्यांनी आतलं पान उघडून मांडीवर पसरलं. खाली शिकवणी वर्गाची पोरं हसत होती.

“आधी भुजंगराव,” अनंतराव म्हणाले.

“आधी भुजंगरावच,” बाई म्हणाल्या. त्यांनी घसा साफ केला. “पहिली चौकट. भुजंगराव गाडीत मागं बसले आहेत. दुसरी चौकट. बाई शेजारी आहे, डोळ्यावर काळा चष्मा.”

“लाटणं?”

“लाटणं घरी राह्यलं. तिसऱ्या चौकटीत ती त्याले पेज पाजून राह्यली, अन् तो तोंड वाकडं करते.”

अनंतरावांच्या ओठाची एक कड हलली. नासिरनं गाडी हळू केली होती. पुढं वर्धा नदीचा पूल होता आणि पुलापलीकडं जिल्हा संपत होता.

“चौथी?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

बाईंनी पेपरकडं पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं. दोन्ही आता लख्ख दिसत होतं. इतकी वर्षं जी चौकट पाहून त्या रोज संतापल्या, तीच एक चौकट त्यांना या घडीला जगात हवी होती.

“चौथी नेहमीचीच,” त्या म्हणाल्या. “बाई ओरडून राह्यली. भुजंगराव पेपरामागं लपले.”

“चेहरा दिसते का त्याचा?”

“नाही. नुसतं टक्कल दिसते. घरीच आहेत, खुर्चीत.”

अनंतरावांनी मान हलवली. गाडी पुलावर चढली, तशी बाईंनी त्यांच्या कोपरापाशी गेलेलं घड्याळ खाली ओढून मनगटावर आणलं आणि ते घसरू नये म्हणून वरून हात धरून ठेवला.